बोडीचं पाणी कुठे जातं? परक्या माशाला परवानगी देण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाव नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, धानपट्ट्यातलं. गावाचं आणि माणसांची नावं इथे देत नाही.

गावाला एक मामा तलाव आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या मालकीचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. त्यांच्या पाण्यावर जगणारी माणसं मात्र तीच राहिली: तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, धान लावणारे शेतकरी आणि तलावात जाळं टाकणारे ढीवर. इथली मासेमारी ढीवर समाजाच्या सहकारी संस्थेकडे आहे. चौसष्ट सभासद. संस्था दर पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळचं बीज सोडते आणि त्याचा पैसा संस्थेच्या वहीत जमा होतो. पण घरातलं रोजचं कालवण आणि बायकांच्या हातात खेळणारा बाजाराचा पैसा येतो तो कुणी न सोडलेल्या माशांतून: मरळ, मागूर, झिंगे आणि बोटभर लांबीचे कितीतरी बारके मासे. पुढे सगळा वाद याच फरकावर येऊन थांबला, म्हणून तो आधीच सांगून ठेवतो.

तलावाच्या वरच्या अंगाला, पाऊण किलोमीटरवर, एका तरुण शेतकऱ्याची वीस गुंठ्यांची बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं, आहे. त्याच्या वडिलांनी धानाला शेवटचं पाणी देता यावं म्हणून ती खोदली होती. पोरगा तीन वर्षं बुटीबोरीच्या एका कारखान्यात होता. तिथून परत आला, मत्स्यपालनाचं प्रशिक्षण घेतलं आणि बोडीत पंगस व चिलापी वाढवायचं ठरवलं. पंगस म्हणजे हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तो, आणि चिलापी म्हणजे तिलापिया. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान होतं. उरलेल्या रकमेसाठी त्यानं बँक गाठली. बँकेनं ग्रामपंचायतीचा ना-हरकत ठराव मागितला. ठराव गावसभेत आला, संस्थेनं हरकत घेतली आणि सरपंचबाईंनी मला फोन केला. मच्छीमार संस्थांना प्रशिक्षण देणं हे माझं काम आहे, आणि त्या गावाशी जुनी ओळख होती.

अडचण

मी पोहोचलो तोवर दोन तट पडले होते. एक म्हणत होता, विदेशी मासा गावात नको. दुसरा विचारत होता, आंध्रातून बर्फात येणारा मासा नागपूरच्या बाजारात रोज खपतो, तो चालतो आणि आपल्या पोरानं वाढवलेला चालत नाही, हा कुठला न्याय? दुसऱ्या तटाचं म्हणणं मला तेव्हाही रास्त वाटलं, आजही वाटतं. पोरानं गाव सोडून जाऊ नये असं म्हणायचं आणि त्यानं काही करायला घेतलं की अडवायचं, हे बरं नाही.

संस्थेचे अध्यक्ष सत्तरीचे आहेत. हरकत संस्थेचीच होती, तरी ते सभेत उठून म्हणाले, “रोहू तरी आपला होता का गा? माह्या आज्यानं नाही पाह्यला रोहू. डब्ब्यात भरून आला तो बी.”

त्यांचं बरोबर होतं. रोहू आणि मृगळ यांची मूळ वस्ती गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात. आपलं पाणी वैनगंगेतून गोदावरीला जातं. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, याचं आज सर्वत्र असलेलं वाण देशात आलं १९५७ मध्ये, चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) १९५९ मध्ये. संस्थेनं स्वतः सायप्रिनस कित्येक वर्षं सोडला होता. ‘परका’ या एका शब्दावर निर्णय घ्यायचा म्हटला तर संस्थेची वहीच विरोधात उभी राहिली असती.

सभा तिथे अडकली. मग मागे बसलेल्या एका मावशींनी तोंड उघडलं. मंगळवारच्या बाजारात त्या बारके मासे विकतात. “मले देशी-विदेशी नाही समजत. माह्या टोपलीत काय राहीन ते सांगा.”

एवढा नेमका प्रश्न मी कुठल्या कार्यशाळेत ऐकलेला नाही.

पर्याय

पुढचे काही दिवस आम्ही एकेका माशाचा विचार केला. मी, तो तरुण, अध्यक्ष आणि सरपंचबाई. नागपुरातल्या मत्स्यविज्ञानाच्या एका प्राध्यापकांनी फोनवर बराच वेळ दिला.

चिलापी सगळ्यांत आधी बाद झाली. हा मासा देशात १९५२ साली आला आणि त्याचं काय झालं हे पाहायला परदेशात जायची गरज नाही. उजनीच्या जलाशयात, भिगवणच्या बाजारात जा. तिथे चिलापी हाच जाळ्यातला मुख्य मासा झाला आहे. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे ती दुसऱ्या माशाच्या पोटात जात नाहीत. दोन-तीन महिन्यांची, तळहाताएवढी झाली की ती विणीला येते आणि वर्षातून अनेकदा विते. तरुणाचा मुद्दा असा की त्याला जुनी चिलापी नको, ‘गिफ्ट’ जातीची हवी आणि तीही फक्त नर. गिफ्ट ही निवड पद्धतीनं सुधारलेली जात आहे. सभेत कुणीतरी म्हणालं तसा तिच्यात बाहेरचा जनुक घातलेला नाही; तो गैरसमज मी तिथेच दूर केला. पण ‘फक्त नर’ हे बीज पिल्लांना संप्रेरक मिसळलेलं खाद्य देऊन तयार करतात आणि त्यात शंभरातले शंभर नर निघतील अशी हमी कुणी देऊ शकत नाही. हजारो पिल्लांत थोड्या माद्या निघणारच. बंदिस्त टाकी असती तर मी विचार केला असता. तलावाच्या डोक्यावरच्या बोडीत नाही. सरकारच्या नियमांतही चिलापीसाठी स्वतंत्र नोंदणी आणि मासा बाहेर जाऊ नये याची व्यवस्था सक्तीची आहे, ती उगाच नाही. तरुणाला हे पटलं. थोडा हिरमुसला, पण पटलं.

पंगसचं गणित वेगळं. मेकाँग नदीचा हा मासा १९९०च्या दशकात बांगलादेशमार्गे बंगालात आला आणि पुढे सरकारनं त्याच्या शेतीला रीतसर मान्यता दिली. तो नदीत शेकडो किलोमीटर प्रवास करून विणारा मासा आहे. बोडीत किंवा तलावात तो वीत नाही. बीज हॅचरीत इंजेक्शन देऊन काढावं लागतं. म्हणजे शंभर मासे निसटले तर शंभरच राहतील, हजार होणार नाहीत. गोळी खाद्यावर भराभर वाढतो, दाटीत जगतो, आठ-दहा महिन्यांत किलोच्या घरात जातो.

देशी मागूर आणि मरळ वाढवणं मला मनापासून हवं होतं. भाव दोघांनाही चांगला, मरळीला तर फारच. पण मरळीचं खात्रीचं बीज मिळत नाही आणि तिची पिल्लं एकमेकांना खातात. पहिल्याच वर्षी कर्ज काढणाऱ्या पोरानं त्यात पडावं असं मी म्हणू शकलो नाही. कटला-रोहूचा मिश्र संच सर्वांत निर्धोक, पण वीस गुंठ्यांत त्यातून बँकेचा हप्ता निघणं कठीण.

मी पंगसला होकार दिला. आणि इथे मी चुकलो.

सांडव्यावरची सकाळ

माशाचा अभ्यास मी केला होता, पाण्याचा केला नव्हता. जानेवारीच्या एका सकाळी अध्यक्ष म्हणाले, चला, बोडी पाहून येऊ. बोडीच्या पाळीवरून आम्ही सांडव्यापाशी गेलो. सांडव्याखाली नाला, नाल्याच्या दोन्ही काठांना बाभळी. अध्यक्षांनी काठीनं एका बाभळीची फांदी खाली ओढली. तिला वाळलेल्या गवताचा आणि प्लॅस्टिकच्या चिंध्यांचा गुंडाळा अडकला होता. माझ्या छातीच्या उंचीवर.

“हे मागच्या भादव्यातलं पानी,” ते म्हणाले. मग वळून बोडीच्या पाळीकडे काठी दाखवली. पाळीचा माथा त्या गुंडाळ्यापेक्षा जेमतेम वीतभर उंच होता. “जाळी लावसान तुमी सांडव्याले. पाळीवरून गेलं त काय करसान?”

तिथे उभं राहून मला दुसरी गोष्ट उमगली आणि खरं तर ती आधी उमगायला हवी होती. पंगस उष्ण पाण्याचा मासा आहे. पाणी गार पडलं की तो खाणं सोडतो आणि रोगाला बळी पडतो. नागपूरचा डिसेंबर-जानेवारी आपल्याला माहीत आहे. २०१८ च्या डिसेंबरअखेर इथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. त्यामुळे बीज सोडायचं ते थंडी सरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि काढायचं ते पुढची थंडी पडायच्या आत. म्हणजेच मासा मोठा होत असतानाचे नेमके जुलै ते सप्टेंबर हे महिने तो बोडीत असणार. थंडी चुकवायची तर पूर चुकत नाही. आंध्रातल्या मासेपालनाचं वेळापत्रक इथे आणून चालणार नाही ते यासाठी.

नाला दोन्हीकडून वाहतो हेही लक्षात ठेवायचं. पहिल्या पावसात मरळ, मागूर आणि बारके मासे तलावातून वर चढतात. बोडीचा सांडवा त्यांच्या वाटेवर आहे. म्हणजे फक्त मासा खाली जाण्याची भीती नव्हती. दाटीत वाढवलेल्या माशांचा रोग वर चढणाऱ्या माशांना लागण्याचीही होती.

हिमाचलच्या गोविंदसागर जलाशयात १९७१ च्या पुरात एका मत्स्यबीज केंद्रातून चंदेरा निसटला. काही वर्षांत जलाशयातला मुख्य मासा तोच झाला आणि कटला मागे पडला. गोविंदसागरचं पाणी थंड आहे, आपलं नाही; म्हणून तेच इथे घडेल असं मी म्हणत नाही. पण तो चंदेरा कुणी ठरवून सोडला नव्हता, एवढं मी त्या दिवशी पोराला सांगितलं.

काय ठरलं

गावसभेत मी आधीचा होकार मागे घेतला आणि तो का मागे घेतला हे सांगितलं. नंतर दोन तास चर्चा झाली. ठराव असा झाला: चिलापी नाही. पंगसला एक वर्षापुरती संमती, पण पाळ तीन फूट उंच केल्यावर, सांडव्याला दुहेरी जाळी बसवल्यावर आणि काठानं उभी जाळी बांधल्यावर. बीज नोंदणी असलेल्या हॅचरीचं, पावतीसह. बोडीत सोडण्याआधी संस्थेची दोन माणसं ते पाहतील. पाळीच्या मातीकामाला संस्थेच्या सभासदांनी चार दिवस श्रमदान करायचं, ही सूचना अध्यक्षांची. विरोध करणाऱ्यानं हातभारही लावावा असं त्यांचं मत. मला या ठरावाचा अभिमान वाटला होता. त्यात एक मोठं भोक होतं, ते दोन महिन्यांनी दिसलं.

बीज आलं त्या रात्री

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बीज आलं. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या, टेम्पो, रात्रीचे साडेदहा. पंगस नव्हता. पुरवठा करणाऱ्या व्यापाऱ्यानं ऐन वेळी सांगितलं की पंगसचं बीज मेलं, त्याऐवजी ‘देशी मागूर’ देतो, मोठं बीज, पाच-सहा इंची, त्याच पैशांत. तरुणानं विचार केला: देशी आहे, म्हणजे ठरावाच्या आड येत नाही. पिशव्यांत मासे मरतील या भीतीनं त्यानं ते रात्रीच बोडीत सोडले. अडतीस हजार रुपये दिले होते.

सकाळी संस्थेची दोन माणसं आली. त्यांतल्या एक म्हणजे त्याच बाजारवाल्या मावशी. जाळं फिरवून चार-पाच मासे बादलीत घेतले. मावशींनी एक मासा डाव्या मुठीत धरला, उजव्या हाताचा अंगठा त्याच्या डोक्यावरून मागे नेला आणि जिथे कवटी संपते तिथे थांबवला. पुन्हा नेला. मग दुसरा मासा घेतला. बोलल्या नाहीत काही. तिसऱ्या माशानंतर म्हणाल्या, “हा आपला मागूर नोहे.”

देशी मागूरच्या डोक्यामागचं हाड निमुळतं, एका टोकाचं असतं. थाई मागूरचं रुंद, तीन टोकांचं. अंगावर ठिपक्यांची संगमरवरासारखी नक्षीही होती. मी फोटो प्राध्यापकांना पाठवले, त्यांनी तासाभरात दुजोरा दिला. थाई मागूर मूळचा आफ्रिकेतला. हवेतून श्वास घेतो, चिखलात टिकतो, ओल्या जमिनीवरून सरपटत जातो आणि समोर येईल तो मासा खातो. २००० साली केंद्र सरकारनं त्याच्यावर बंदी घातली, पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं साठे नष्ट करण्याचे आदेश दिले. तरीही तो ‘मागूर’ या नावाखाली फिरतो, कारण देशी मागूर पाळणं कायदेशीर आहे.

इथे खरा निर्णयाचा क्षण आला. तो पोराचा होता, आमचा नव्हता. गप्प राहून आठ महिन्यांत मासा विकून टाकायचा, की कळवायचं? त्यानं नंतर मला सांगितलं की त्या दुपारी तो दोन तास मोटारपंपाच्या खोलीत बसून होता. अडतीस हजार गेले, त्यात बंदी असलेला मासा बाळगल्याचा ठपका. संध्याकाळी तो स्वतः अध्यक्षांच्या घरी गेला. दुसऱ्या दिवशी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाला कळवलं, पंचनामा झाला.

मासे नष्ट करायला सहा दिवस लागले. बोडीचं पाणी नाल्यात सोडायचं नव्हतं, म्हणून पंपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधून ते बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतात, उपसलं. गुडघाभर उरलं तेव्हा जाळ्यानं आणि हातानं मासे काढले. त्यांना खड्ड्यात चुन्याखाली पुरलं. तरी चिखलात रुतलेले राहणार हे उघड होतं. उरलेल्या पाण्यात मोहाची ढेप, म्हणजे बियांचं तेल काढून उरलेली पेंड, टाकली, हेक्टरी २००० ते २५०० किलोच्या हिशेबानं, म्हणजे वीस गुंठ्यांना चार-पाच क्विंटल. ढेपेतल्या द्रव्यानं मासा मरतो आणि दोन-तीन आठवड्यांत तिचं खत होतं. झाडाखाली मोहफुलं पडत होती आणि इकडे बोडीतून आंबट, जड वास येत होता. चौथ्या दिवशीही दोन मासे चिखलातून वर येऊन हवा घेताना दिसले. पोरगा चिखलात उतरला आणि त्यानं ते हातानं काढले.

निष्पत्ती

व्यापाऱ्यानं पैसे परत केले नाहीत. पावतीवर फक्त ‘मागूर बीज’ असं लिहिलेलं होतं.

त्या वर्षी पंगस झालाच नाही. जुलैत बोडी भरल्यावर तरुणानं कटला, रोहू, मृगळची मोठी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. ती संस्थेनं उधारीवर दिली. उत्पन्न बँकेच्या हप्त्याएवढं झालं नाही, थोडं घरातून घालावं लागलं. त्यानं बोडी सोडली नाही. आता तो बीज वाढवून आसपासच्या संस्थांना बोटुकली विकायच्या विचारात आहे, आणि त्या भागात खात्रीचं बीज मिळत नाही हे पाहता मला ते पंगसपेक्षा शहाणपणाचं वाटतं.

पाळ उंच झाली होती. ऑगस्टच्या पुरात पाणी तिच्या माथ्याच्या फूटभर खाली राहिलं.

आज वेगळं काय केलं असतं

सांडव्यावरची ती सकाळ मी पहिल्या दिवशी ठेवली असती. पाणी कुठून येतं, कुठे जातं, पूर कुठवर चढतो, हे पाहिल्याशिवाय माशाच्या जातीवर बोलायलाच बसलो नसतो.

ठरावातलं भोक हे: आम्ही दोन माशांची नावं घेऊन त्यांच्यावर अटी घातल्या आणि तिसऱ्याचा विचारच केला नाही. आज मी उलट लिहीन. अमुक मासे चालतील, त्यांची नावं ही. बाकी काहीही आलं, ‘देशी’ म्हणून आलं तरी, पाहणी होईपर्यंत पिशवीतून बाहेर पडणार नाही. रात्री गाडी आली तर पिशव्या तरंगत ठेवायला बोडीच्या कडेला हापा, म्हणजे जाळीचा कप्पा, बांधलेला असेल, म्हणजे मासे मरतील या भीतीनं कुणाला घाई करावी लागणार नाही. त्या रात्री पोरापुढे दुसरा मार्गच आम्ही ठेवला नव्हता.

नुकसानीचंही तसंच. खरं सांगणाऱ्याचेच अडतीस हजार बुडत असतील तर पुढचा माणूस सांगणार नाही. संस्थेनं आणि ग्रामपंचायतीनं मिळून यासाठी थोडा निधी आधीच बाजूला ठेवायला हवा होता. तो मुद्दा मी मांडला आहे, अजून झालेला नाही.

आणि तलावात आधी कोणते मासे होते याची नोंद कुणाकडेच नव्हती. मावशींना ते तोंडपाठ होतं, पण कागदावर नव्हतं. आता संस्थेच्या कार्यालयात एक वेगळी वही आहे. जाळ्यात आलेला प्रत्येक बारका मासा, त्याचं इथलं नाव आणि महिना त्यात लिहितात. लिहायचं काम मावशींची नात करते.

सप्टेंबरमध्ये त्या वहीत एक नोंद आली. तलावात, खालच्या अंगाला, पावणेदोन किलोचा एक मागूर मिळाला. डोक्यामागचं हाड तीन टोकांचं. आमच्या बोडीतला सहा महिन्यांत एवढा झाला असेल, किंवा दुसरीकडून आला असेल. त्या नाल्याला आणखी तीन बोड्यांचं पाणी मिळतं. आम्ही त्या तिन्ही बोड्यांवर जाऊन आलो. मालकांशी बोललो, जाळं फिरवलं, काही सापडलं नाही. दुसरा मासा अजून आलेला नाही.

मंगळवारच्या बाजारात मावशी आता टोपलीतला प्रत्येक मागूर तराजूत टाकण्याआधी मुठीत धरतात आणि अंगठा डोक्यावरून मागे नेतात. घाईतलं गिऱ्हाईक विचारतं, काय पाहून राहिल्या? त्या म्हणतात, “थांब ना बाप्पा.”